एकच हायब्रिड गाडी, घरातली तीन माणसं आणि तीन वेगळी ॲव्हरेज

कागदावर २८, नाशिक शहरात २५, समृद्धीवर १६. अडीच लाख जास्त मोजण्याआधी आपला रस्ता मोजा.

पिंपळगाव बसवंत : “भाऊ, हिला चार्जिंग कुठं लावता?”

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न आम्हाला पेट्रोल पंपावर विचारला गेला, बाजार समितीच्या गेटवर विचारला गेला आणि लग्नाच्या मांडवातही. उत्तर एकच : कुठंच नाही. गाडी पेट्रोलवरच चालते. वीज ती स्वतःच तयार करते, स्वतःच वापरते. एवढं सांगितलं की दुसरा प्रश्न ठरलेला, “मग ॲव्हरेज किती देते?” आणि इथं खरी पंचाईत होते. कारण आमच्या घरात याची तीन उत्तरं आहेत.

धाकटा भाऊ म्हणतो २३ ते २५. वडील म्हणतात १६ ते १७. मी लांबच्या प्रवासाला गाडी नेतो, माझा आकडा कधी २०, तर कधी १६. गाडी तीच, पंप तोच. खोटं कुणीच बोलत नाही.

दिवाळीनंतर चांदवड तालुक्यातून मामांचा फोन आला. “अरे, तो शोरूमवाला हायब्रिड घ्या म्हणतोय. साध्यापेक्षा अडीच लाख जास्त सांगतो. म्हणे २८ चं ॲव्हरेज, दोन-तीन वर्षांत पैसे वसूल. घेऊ का?” मामांचं यंदा डाळिंबाचं बरं झालं होतं. पण अडीच लाख म्हणजे गंमत नाही. म्हणून पेट्रोलची वही काढली आणि बसलो हिशोबाला. तोच हिशोब इथं मांडतोय, कारण मामांचा प्रश्न आज आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच घरांत चाललाय.

आमची गाडी कोणत्या कंपनीची, हे मुद्दाम लिहीत नाही. खाली जे सांगितलंय त्यातलं बहुतेक सगळं या तंत्राला लागू आहे, एका कंपनीला नाही.

आधी ‘माइल्ड’ आणि ‘स्ट्राँग’ वेगळं करा

गाडीच्या मागं ‘हायब्रिड’ लिहिलं म्हणजे सगळ्या सारख्या नसतात. इथंच निम्मे लोक फसतात.

माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी आणि छोटी मोटर असते. ती इंजिनाला थोडा हातभार लावते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते. पण ती गाडी नुसत्या विजेवर एक फूटसुद्धा पुढं जात नाही. ती पेट्रोल गाडीच समजा.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एवढी दमदार असते की कमी वेगात इंजिन बंद ठेवून ती एकटी गाडी ओढते. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या मारुती सुझुकी ग्रँड विटारा आणि टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर या दोन गाड्या याचं आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण. दोन्ही बनतात बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात आणि दोन्हींचं हायब्रिड तंत्र एकच आहे : दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सोबत मोटर, दोघांची मिळून ताकद ११५ पीएसच्या आसपास. मोठ्या कुटुंबासाठी इनोव्हा हायक्रॉस आहे, तिच्यात दोन लिटरचं इंजिन.

गोंधळ असा की ग्रँड विटारा आणि हायरायडर या नावानं माइल्डही मिळते आणि स्ट्राँगही. शेजाऱ्याची २७ देते म्हणून तुम्ही माइल्ड घेऊन आलात, तर ती २७ देणार नाही. प्रमाणित आकडेच बघा : स्ट्राँगला लिटरला २७.९७ किलोमीटर, माइल्डला साधारण २१. शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारा, “इंजिन बंद ठेवून ही गाडी चालते का?” हो म्हणाले तर स्ट्राँग.

पेट्रोल वाचतं कुठून?

जादू काही नाही. वाचतं ते तीन ठिकाणी.

एक, ब्रेक. साध्या गाडीत ब्रेक दाबला की वेगाची सगळी शक्ती ब्रेक पॅड तापण्यात वाया जाते. हायब्रिडमध्ये तेव्हा मोटर उलटी, म्हणजे डायनामोसारखी चालते आणि त्या शक्तीची वीज करून बॅटरीत भरते. पुढं गाडी हलवताना तीच वीज कामी येते.

दोन, रेंगाळणं. द्वारका सर्कलला किंवा मुंबई नाक्यावर अर्धा तास अडकलात की साधी गाडी जागेवर पेट्रोल पीत बसते. हायब्रिडचं इंजिन अशा वेळी बहुतेक बंद असतं. एसीसुद्धा विजेवर चालतो.

तीन, इंजिनाची जात. यात ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन असतं. ते पेट्रोलमधून जास्त काम काढून घेतं, पण कमी वेगात त्याला जोर कमी. ती उणीव मोटर भरून काढते. म्हणून दोघांची जोडी.

आता मुद्दा लक्षात घ्या. पहिली दोन कारणं लागू होतात ती थांबत-थांबत, हळू चालणाऱ्या रस्त्यावर. सरळ मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच लागत नसेल तर वीज कुठून तयार होणार? ११० च्या वेगात गाडी ओढायचं काम मुख्यतः इंजिनच करतं. म्हणजे आपल्या जुन्या समजुतीच्या बरोब्बर उलटं झालं. साधी गाडी हायवेला जास्त ॲव्हरेज देते, शहरात कमी. स्ट्राँग हायब्रिड शहरात जास्त देते, वेगाच्या हायवेला कमी.

आणि बॅटरी केवढी? ग्रँड विटारा-हायरायडरमध्ये ०.७६ किलोवॉट-तास. आपल्या वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट! पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत ४०-४५ युनिटांची बॅटरी असते. म्हणून हायब्रिड सलग विजेवर चालते ती फार तर किलोमीटर-दोन किलोमीटर. मग इंजिन सुरू होतं, बॅटरी भरतं, पुन्हा बंद होतं. दिवसभर हा खेळ चालू असतो, आणि चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही.

आमच्या वहीतले आकडे

गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा आम्ही धरत नाही. आमच्या गाडीत तो एक-दीड किलोमीटर जास्तच दाखवतो. टाकी फुल, पुन्हा टाकी फुल, मधले किलोमीटर भागिले लिटर, हा जुना हिशोब. दोन वर्षांत ४८ हजार किलोमीटर झाले. त्यातून निघालं ते असं :

- नाशिक शहरातली वर्दळ : २४ ते २६
- गावातून तालुक्याला, ५०-६० च्या वेगानं, गतिरोधक आणि वस्त्यांमधून : २३ ते २४
- मुंबई-आग्रा हायवे, ८०-९० चा वेग : २० ते २१
- हायवेला १००-११० : १७ ते १८
- सिन्नरजवळून समृद्धीला लागून १२० च्या आसपास : १५ ते १६
- घर ते मळा, मळा ते घर, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, त्यातही थंडीत : १६ ते १७

भाऊ नाशिकला कामाला जातो. थोडा हायवे, बराचसा शहर. त्याचं २३-२५ इथून येतं. माझा लांबचा प्रवास, म्हणून माझा आकडा रस्त्यावर आणि उजव्या पायावर ठरतो.

वडिलांच्या आकड्यानं मात्र सगळे चक्रावले. हळू चालवतात, गडबड नाही, तरी १६? कारण असं की गार इंजिन सुरू झालं की ते आधी स्वतःला आणि सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या भागाला गरम करतं. तोवर ते बंद होत नाही, बॅटरी भरलेली असली तरी. दोन किलोमीटरवर मळा आला, गाडी बंद. तासाभरानं पुन्हा तेच. म्हणजे वडील गाडी चालवतात ती सगळी इंजिन गरम करण्याच्याच वेळात. नाशिकला जाणाऱ्या भावाला हा तोटा दिवसातून दोनदा होतो, वडिलांना सहा वेळा.

आणि २७.९७? तो आकडा खोटा नाही. पण चाचणी होते ती प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगानं. तिथं वणीचा चढ नाही, समोरून वारा नाही, मागं पाहुण्यांची पिशवी नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. घरच्या बजेटला धरायचा नाही.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही यात वाटा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं आणि मक्याचं इथेनॉल, चांगली गोष्ट आहे. पण लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं, हायब्रिडचंही आणि साध्या गाडीचंही.

घाटात काय होतं?

नांदुरीवरून सप्तशृंगी गडावर चार मोठी माणसं आणि सामान घेऊन चढताना गाडी चढते, दम तोडत नाही. पण आवाज करते. गिअर बदलल्यासारखं काही वाटत नाही, इंजिन एका सुरात ओरडत राहतं. डिझेल गाडीची सवय असलेल्याला हे पहिल्या दिवशी खटकतं. आमच्या काकांनी तर “क्लच जळतोय का बघ” असंच म्हटलं होतं. जळायला त्यात आपल्या ओळखीचा क्लचच नाही.

उतरताना दुसरी गंमत. घाट उतरताना बॅटरी भराभर भरते. आपण खूश. पण चार माणसांसह दीड टनाची गाडी ३०० मीटर खाली उतरली तर एका युनिटापेक्षा जास्त शक्ती सुटते, आणि बॅटरी तर पाऊण युनिटाची. त्यातलाही काहीच भाग वापरात असतो. म्हणून घाट अर्धा राहिला असतानाच बॅटरी फुल होते. मग गाडी वेग धरून ठेवायला इंजिन पेट्रोलशिवाय नुसतं फिरवते, आणि पाय उचललेला असूनही इंजिनाचा आवाज अचानक वाढतो. हा बिघाड नव्हे. लांब उतारावर गिअरच्या दांड्यावरची ‘बी’ ची जागा वापरा, म्हणजे इंजिनाचा अडसर मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत. जुन्या कसारा घाटातून जाणाऱ्यांनी हे आवर्जून शिकून घ्यावं. आणि कितीही ॲव्हरेजचा मोह झाला तरी गाडी न्यूट्रल करून उतरवू नका. न्यूट्रलमध्ये वीजही तयार होत नाही आणि गाडीला धरायलाही कुणी नसतं.

गावाकडच्या अडचणी, ज्या शोरूममध्ये कुणी सांगत नाही

शहरातल्या माणसाला न पडणारे काही प्रश्न आपल्याला पडतात. आम्ही काही ठेच लागून शिकलो.

*धक्का स्टार्ट विसरा.* या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी, जी गाडी ओढते. आणि एक नेहमीची १२ व्होल्टची, जी गाडीला ‘जागं’ करते. ही छोटी उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी मुकी. आम्ही तीन आठवडे गाडी हलवलीच नव्हती, लग्नाला निघायच्या सकाळी दरवाजासुद्धा रिमोटनं उघडेना. चौघं धक्का मारायला तयार, पण या गाडीला धक्का लागू होतच नाही. शेवटी शेजारच्या गाडीवरून वायर लावून ती जागी केली. उपाय सोपा आहे : गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास ‘रेडी’ दिवा लावून चालू ठेवा. नुसती चावी फिरवून गाणी ऐकत बसू नका, त्यानं उलट ती बॅटरी उतरते. आणि आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याचा ट्रॅक्टर किंवा ट्रक जंप स्टार्ट करायला देऊ नका.

*ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका.* आपल्याकडं गाडी अडकली की पहिला हाच उपाय. पण या गाड्यांची पुढची चाकं थेट मोटरशी जोडलेली असतात. चाकं फिरली की मोटर फिरते, वीज तयार होते आणि नुकसान होऊ शकतं. चिखलातून दोन हात बाहेर काढणं वेगळं, पण गावापासून गॅरेजपर्यंत ओढत नेणं वेगळं. गाडी पूर्ण उचलून नेणारी क्रेन बोलवा, किंवा निदान पुढची चाकं वर उचललेली असू द्या. विमा घेताना रस्त्यावरची मदत तुमच्या गावापर्यंत येते का, हे आधीच विचारून घ्या.

*सीटजवळची जाळी मोकळी ठेवा.* मोठ्या बॅटरीला थंड ठेवायला गाडीच्या आतली हवा ओढली जाते. त्यासाठी एक जाळी असते, कुठं मागच्या सीटच्या कडेला, कुठं पुढच्या सीटखाली. आपण मागच्या सीटवर काय नाही ठेवत! पेंडीचं पोतं, क्रेट, ओले रेनकोट. ती जाळी झाकली गेली, किंवा धुळीनं-कुत्र्याच्या केसांनी भरली, की बॅटरी तापते आणि गाडी मोटरचा वापर कमी करते. पुस्तिकेत जाळीची जागा बघा आणि सर्व्हिसला ती साफ करायला आठवणीनं सांगा. गाडी धुताना आत पाण्याचा फवारा मारू नका.

*उंदीर.* कांदा चाळीशेजारी किंवा चाऱ्याच्या गंजीजवळ गाडी लावली की उंदीर बॉनेटमध्ये शिरणारच. आमच्या गाडीत एक सेन्सरची वायर कुरतडली गेली आणि डॅशबोर्डवर तीन दिवे एकदम लागले. साध्या गाडीत गावातला वायरमन जोड मारून देतो. इथं गाडी नाशिकला न्यावी लागली, दोन दिवस गेले. तेव्हापासून गाडी अंगणात उजेडात लावतो, आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघतो.

*नारिंगी वायरला हात नाही.* बॉनेटखाली जाड नारिंगी वायर दिसतात. त्यात जिवाला धोका होईल एवढा व्होल्टेज असतो. तेल, टायर, ब्रेक पॅड ही कामं अनुभवी मेकॅनिक करू शकतो, पण नारिंगी वायरच्या वाटेला प्रशिक्षण नसलेल्यानं जाऊ नये. बाहेरून जादाचे लाइट, मोठा साउंड, सीएनजी किट असलं काही जोडायचं असेल तर थांबा. वायर कापून केलेल्या जोडकामावरून वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

*आवाज नाही, म्हणून सावध.* अंगणात, गल्लीत, यात्रेत गाडी विजेवर सरकते तेव्हा मागं गाडी आहे हे कुणाला कळत नाही. म्हातारी माणसं वळत नाहीत, पोरं बाजूला होत नाहीत, शेळ्या तर नाहीच. रिव्हर्स घेताना एकानं उतरून बघावं. आमच्या घरचा हा आता नियमच आहे.

*डिकी लहान.* मोठी बॅटरी मागं बसवलेल्या गाड्यांत सामानाची जागा जाते. ग्रँड विटाराचंच बघा, माइल्डमध्ये ३७३ लिटरची डिकी, स्ट्राँगमध्ये २६५. लग्नाला पाच माणसं आणि पाच बॅगा असा बेत असेल तर बॅगा घेऊनच शोरूमला जा आणि डिकीत ठेवून बघा. लाजायचं काय त्यात!

बॅटरी गेली तर?

हा सगळ्यांच्या मनातला धसका. मोबाइलची बॅटरी तीन वर्षांत बसते, मग ही? फरक असा की हायब्रिडची बॅटरी गाडी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण उतरूही देत नाही. मधल्या पट्ट्यातच खेळवते. म्हणून ती टिकते. या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीला कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी देतात. जपानमध्ये टोयोटाची प्रियस १९९७ पासून याच तत्त्वावर चालते आहे, तंत्र कालचं नाही.

पण वॉरंटी टिकवायची तर सर्व्हिस वेळेवर आणि बिलासह हवी. जुनी हायब्रिड घेत असाल तर सर्व्हिसचं पुस्तक, बॅटरीची तपासणी आणि वॉरंटीची किती वर्षं उरलीत, हे तिन्ही बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

सवलती? त्या इलेक्ट्रिकला

अनेकांना वाटतं की हायब्रिड म्हणजे अर्धी इलेक्ट्रिक, मग सवलतही अर्धी मिळेल. तसं नाही. समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतू इथली टोलमाफी पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांना आहे. हिरवी नंबर प्लेटही त्यांनाच. हायब्रिडला पांढरी प्लेट आणि पूर्ण टोल. जीएसटीत इलेक्ट्रिकला ५ टक्के, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रिड एसयूव्हीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. त्याआधी उपकरासह ४३ होता, तेवढाच दिलासा.

आता हिशोब

पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू, साधी गाडी १५ चं ॲव्हरेज देते असं धरू आणि दोन गाड्यांतला फरक अडीच लाख. तुमच्या कोटेशनमध्ये आकडा वेगळा असेल तर तो घाला, पद्धत तीच.

*आमचं घर :* वर्षाला २४ हजार किलोमीटर. साध्या गाडीला १,६०० लिटर लागले असते. हायब्रिडला सरासरी २२ नं सुमारे १,०९१ लिटर. वाचले ५०९ लिटर, म्हणजे वर्षाला साधारण ५३ हजार रुपये. अडीच लाख वसूल व्हायला पावणेपाच वर्षं.

*मामांचं घर :* मामांना सांगितलं, आधी महिनाभर जुन्या गाडीचे किलोमीटर लिहून काढा. त्यांनी लिहिले. वर्षाला ९ हजारांच्या आत. त्यातही निम्म्या फेऱ्या घर-मळा-चांदवड अशा छोट्या, उरलेल्या हायवेच्या. अशा वापराला हायब्रिड २० देईल असं जरी धरलं, तरी साधीला ६०० लिटर, हायब्रिडला ४५०. वाचले १५० लिटर, वर्षाला १५ हजार ७५० रुपये. अडीच लाख वसूल व्हायला जवळपास १६ वर्षं!

आणि हे झालं रोखीचं. तेच अडीच लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात घातले, तर हप्ता सुमारे ५ हजार १९० रुपये, आणि व्याजच ६१ हजारांच्या पुढं जातं. मग आमच्याही घरी वसुली पावणेसहा-सहा वर्षांवर जाते. “दोन-तीन वर्षांत वसूल” हे वाक्य कुणी बोललं तर त्याला एकच विचारा, “वर्षाला किती किलोमीटर धरून?”

एक गोष्ट मात्र या हिशोबात बसत नाही. हायब्रिड ऑटोमॅटिकच येते. भावाला रोज वर्दळीत क्लच दाबावा लागत नाही, संध्याकाळी तो कमी थकून घरी येतो. आई म्हणते गाडीत मळमळत नाही. त्याची किंमत ज्यानं त्यानं ठरवावी. पण तुलना करताना हायब्रिडची तुलना साध्या ऑटोमॅटिकशी करा, मॅन्युअलशी नको, नाहीतर फरक फुगलेला दिसेल.

मग कुणी घ्यावी?

रोज शहरात जाणं-येणं, वर्षाला १८-२० हजारांच्या पुढं रनिंग, गाडी सात-आठ वर्षं ठेवायचा बेत आणि सर्व्हिस सेंटर तासाभराच्या अंतरावर. ही चारही जुळत असतील तर स्ट्राँग हायब्रिड खुशाल घ्या. पेट्रोलचा खर्च खरंच कमी होतो, आमचा झाला.

रनिंग कमी, फेऱ्या छोट्या, किंवा सगळं आयुष्य समृद्धीवर १२० नं जाणार असेल, तर अडीच लाखांचा फायदा गाडीत दिसेल, पण खिशात दिसणार नाही. रनिंग भरपूर आणि रस्त्यात सीएनजी पंप असेल, तर सीएनजीचा हिशोबही शेजारी मांडून बघा.

ट्रायल घेताना शोरूमच्या भोवती फेरी मारून येऊ नका. तुमच्या रोजच्या रस्त्यावर न्या, घरची माणसं बसवा, एखादा चढ घ्या. आणि त्याआधी एक महिना वहीत किलोमीटर लिहा, कुठं गेलो तेही लिहा. त्या वहीला काही विकायचं नसतं.

मामांनी शेवटी साधी पेट्रोल गाडी बुक केली. उरलेल्या पैशातून शेततळ्याचा फाटलेला कागद बदलायचं ठरलंय. परवा फोनवर म्हणाले, “तुमची गाडी चांगलीच आहे रे. पण ती तुमच्या रस्त्याला चांगली आहे.”